पाकिटातली चिठ्ठी

फेब्रुवारी 1944 मध्ये आगाखान पॅलेसात स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांची प्रकृती ढासळत चालली होती. देवदास गांधींनी मोठी खटपट करून त्यांच्यासाठी पेनिसिलिन मिळवलं. तेव्हा हे औषध मुख्यतः लढाईतल्या जखमी सैनिकांसाठी राखून ठेवलेलं असे. खिशात पैसे असले तरी दुकानात ते मिळत नसे. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं आणि 22 तारखेला कस्तुरबा गेल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1954 मध्ये, तिथून काही कोसांवर पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत दिली, युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि 1955 मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आजही पिंपरी-चिंचवडकर त्याला नुसतं ‘एचए’ म्हणतात. एचएची गोष्ट आपल्याकडे स्वावलंबनाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण औषध बनवता येणं आणि ते औषध लागू पडतं हे कळणं या दोन वेगळ्या कला आहेत. दुसरी कला पहिलीपेक्षा वयाने लहान आहे आणि तिचा इतिहास आपण जवळजवळ सांगतच नाही. वास्तविक या औद्योगिक पट्ट्यात त्या इतिहासाची दोन टोकं काही किलोमीटरच्या अंतरावर सापडतात. एक पिंपरीत आहे, दुसरं भोसरीत.

पेनिसिलिनच्या बाबतीत दुसऱ्या कलेची फारशी गरज पडली नाही. रक्तात विष पसरून मरणपंथाला लागलेला माणूस दोन दिवसांत उठून बसला, तर कुणाला गणित मांडावं लागत नाही. क्षयाचं तसं नव्हतं. क्षय हा लहरी रोग. एकाला तीन महिन्यांत संपवतो आणि दुसऱ्याला वीस वर्षं वागवतो. मधेच ताप उतरतो, वजन वाढतं, घरचे नवस फेडतात, आणि पावसाळा संपता संपता पुन्हा थुंकीत रक्त दिसतं. अशा रोगात ज्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याला यश मिळतं. मिरजेच्या वानलेसवाडीच्या आणि पाचगणीजवळच्या बेल-एअरच्या सॅनेटोरियममध्ये मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहणं हाच उपचार होता. त्यातून बरे होणारे होते, तसे न होणारेही. हवेने किती बरे झाले आणि आपले आपण किती झाले, हे सांगण्याचं साधन मात्र कुणाकडे नव्हतं. युरोप-अमेरिकेतल्या नामांकित डॉक्टरांचीही गत वेगळी नव्हती. 1920 च्या दशकात सॅनोक्रायसिन नावाचा सोन्याचा क्षार क्षयावर टोचला जाऊ लागला आणि थोरामोठ्यांनी त्याची वाहवा केली. अखेर डेट्रॉइटमध्ये ॲम्बरसन आणि सहकाऱ्यांनी 24 रुग्णांचे, शक्य तेवढे सारखे असे दोन गट केले आणि कोणत्या गटाला सोनं द्यायचं ते नाणं उडवून ठरवलं. 1931 मध्ये निष्कर्ष छापला गेला: सोन्याने फायदा होत नाही, अपाय होतो. तोवर अनेक वर्षं विद्वान मंडळी ते सद्भावनेनं टोचत होती.

नाणं उडवण्यात विज्ञान कसलं, असं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उत्तर योगायोगाकडून मागून घ्यायचं ही कौलाची पद्धत. चाचणीतल्या चिठ्ठीचं काम याच्या उलट आहे. तिला उत्तर विचारायचंच नसतं. कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नाही, एवढाच निर्णय माणसाच्या हातून काढून तिच्या हाती द्यायचा, कारण माणसाचा हात पक्षपाती असतो. त्यात वाईट हेतू असावा लागतो असंही नाही. 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगचा कहर चालू असताना हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी राजी होते त्यांना टोचली. टोचलेल्यांत प्लेग कमी झाला. लस उपयोगी होती असं मानायला त्यामुळे चांगला आधार मिळाला. तरी एक फट उरलीच. जो आपण होऊन पुढे येतो तो मागे राहणाऱ्यासारखा असतो का? त्याची तब्येत, त्याची समज, बराकीतली त्याची जागा, सगळंच वेगळं असू शकतं. डॉक्टरने निवडलं तरी तीच अडचण, कारण डॉक्टर नव्या औषधासाठी एक तर आशा असलेला रुग्ण निवडतो किंवा आशा सुटलेला. ही फट फक्त चिठ्ठी बुजवते. पुरेशी माणसं चिठ्ठ्या टाकून वाटली, तर तरुण-म्हातारे, धट्टेकट्टे-खंगलेले, नशीबवान-कमनशिबी दोन्हीकडे सारखेच विखुरतात. त्यानंतर जो फरक दिसेल त्याचं कारण औषधातच शोधावं लागतं.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या रटगर्स इथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत लागला. तो लावणारा अल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. श्रेयावरून पुढे दोघांत कोर्टकचेरी झाली आणि 1952 चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं. क्षयाच्या जंतूवर चालणारं हे पहिलं खरं औषध. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनकडे ते अमेरिकेकडून विकत घ्यायला डॉलर नव्हते. थोडासा साठा आला, तो सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हाती. लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी 1948 मध्ये ओळखीपाळखीतून ते अमेरिकेहून मागवलं, पण त्यांना त्याची भयंकर ॲलर्जी झाली आणि इलाज सोडावा लागला. बाकी हजारो रुग्णांना औषधाचं नाव तेवढं वर्तमानपत्रात वाचायला मिळत होतं. परिषदेचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी या टंचाईतच संधी पाहिली. औषध सर्वांना पुरणार नाही हे ठरलेलंच आहे. मग ओळखीने किंवा वशिल्याने वाटण्यापेक्षा ते चिठ्ठ्या टाकून वाटलं, तर अन्याय कमी होईल आणि ज्ञानही पदरात पडेल. या माणसाला क्षय पुस्तकातून कळलेला नव्हता. पहिल्या महायुद्धात तो स्वतःच क्षयाने अंथरुणाला खिळला होता आणि डॉक्टर व्हायचं राहून संख्याशास्त्राकडे वळला होता.

ही चाचणी 1947 मध्ये सुरू झाली. तिची रीत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण आजही जगभर थोड्याफार फरकाने तीच चालते. दोन्ही फुफ्फुसांत वेगाने पसरणारा क्षय, वय पंधरा ते तीस, शस्त्रक्रियेचा उपाय शक्य नाही असेच रुग्ण घ्यायचे. रुग्ण योग्य आहे की नाही हे समितीने आधी ठरवायचं आणि त्यानंतरच पाकीट फोडायचं. प्रत्येक रुग्णालयासाठी, पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे, असे पाकिटांचे गठ्ठे हिल यांनी यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून आधीच तयार करून चिकटवून ठेवले होते. वर रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक, आत एक कार्ड, कार्डावर ‘एस’ किंवा ‘सी’. एस म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणावरची विश्रांती, सी म्हणजे फक्त विश्रांती. आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ‘हा बिचारा तरुण आहे, याला एसमध्ये घाला’ असं म्हणायची सोय राहिली नाही. औषध दिवसातून चारदा, दर सहा तासांनी, स्नायूत टोचायचं होतं, चार महिने. सी गटाला दिखाऊ सुया टोचायच्या का, हा प्रश्न आला आणि नाही म्हणून सोडून दिला गेला. मरणाच्या दारातल्या माणसाला महिनोन्‌महिने दिवसाला चार वेळा खोटी सुई टोचणं हा निर्दयपणा झाला असता. त्याऐवजी आंधळेपणा दुसरीकडे आणला. छातीचे एक्स-रे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी, फोटो कोणत्या गटाचा आहे हे माहीत नसताना, स्वतंत्रपणे वाचायचे. रुग्णाला सुई लपवता येत नव्हती, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

30 ऑक्टोबर 1948 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अहवाल आला. सहा महिन्यांत एस गटातल्या 55 पैकी 4 जण दगावले, सी गटातल्या 52 पैकी 14. एक्स-रेत चांगली सुधारणा एसमध्ये निम्म्या रुग्णांत दिसली, सीमध्ये शंभरात आठांच्या आसपास. इथे थांबलं असतं तर ही विजयाची साधी गोष्ट झाली असती. पण त्याच अहवालात दुसरी बातमी होती. औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या थुंकीतले जंतू काही आठवड्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा एस गटातले 32 आणि सी गटातले 35 जण गेलेले होते. पहिल्या सहा महिन्यांतली मोठी दरी जवळजवळ बुजली होती. एकटंच दिलेलं औषध रुग्णाला मुदत देतं आणि जंतूला शिकवतं, हे कळलं ते तुलनेचा गट होता म्हणूनच. लगेच पास नावाचं दुसरं औषध जोडीला देऊन पुढची चाचणी झाली आणि दोन औषधं मिळून जंतूला शिकू देत नाहीत हे सिद्ध झालं. क्षयावर आज एका वेळी तीन-चार औषधं का देतात, याचं मूळ तिथे आहे.

या चाचणीवरचा सर्वांत जुना आक्षेप म्हणजे सी गटातल्या माणसांचं काय? औषध हातात असताना 52 जणांना ते न देणं हे पाप नव्हे का? मला हा आक्षेप हलका वाटत नाही. त्यांना आपण चाचणीत आहोत हेसुद्धा सांगितलं नव्हतं, आणि आजच्या कोणत्याही नीतिसमितीने ते चालू दिलं नसतं. तो दोष चाचणीच्या माथी राहणारच. पण औषध न देण्याचा दोष वेगळा आहे. ‘हातात असलेलं औषध’ हे शब्द वापरताना ते औषध आहे हे आपण आधीच धरून चालतो. 1947 मध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं. सॅनोक्रायसिनचा अनुभव ताजा होता आणि त्या वेळी ज्याला सोनं मिळालं नाही तोच सुदैवी ठरला होता. स्ट्रेप्टोमायसिननेही अनेकांना गरगरायला लावलं, तोल घालवला. ज्ञान नसताना ‘देणं’ म्हणजे दया आणि ‘न देणं’ म्हणजे क्रौर्य, हे समीकरण आपल्या मनातल्या आशेने बनवलेलं असतं. आणि साठाच थोडा होता तेव्हा चिठ्ठी नसती, तर त्या 52 जणांऐवजी दुसरेच 52 जण वंचित राहिले असते, ज्यांच्या ओळखी नव्हत्या असे.

दरम्यान पिंपरीत कारखाना रुळत होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या तंत्रज्ञानाने इथे स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. मातीतला तंतूसारखा वाढणारा एक सूक्ष्मजीव भल्यामोठ्या टाक्यांत पोसायचा, टाक्यांत सतत जंतुविरहित हवा खेळवायची, मग द्रवातून औषध वेगळं काढून त्याची पांढरी पूड रबरी बुचाच्या कुप्यांत भरायची. एका जरी परक्या जंतूने टाकीत शिरकाव केला तर सगळी टाकी वाया. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या प्रयोगशाळेत बुरशीविरुद्धचं हमायसिन शोधलं. ते ज्या जीवाणूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना ठेवलं गेलं. गावाचं नाव मोटारींच्या जाहिरातींतून देशभर पोचण्याच्या आधी ते असं लॅटिन शेपटी लावून जगाच्या जंतुसंग्रहांत गेलं होतं. एमआयडीसी आली ती त्यानंतर, आणि मोटारी, टायर, सुटे भाग मागून.

पण कारखाना कुप्या देतो. त्या कुप्या कुणाला, किती दिवस, कुठे बसवून टोचायच्या, हे सांगत नाही. देशात संसर्गजन्य क्षयाचे लाखो रुग्ण आणि सॅनेटोरियमच्या खाटा मूठभर हजारांत. पाठ्यपुस्तक सांगत होतं की क्षयरोग्याला घराबाहेर काढा, विश्रांती द्या, पौष्टिक खायला घाला, नाहीतर तो मरेल आणि घरच्यांनाही घेऊन जाईल. हे पाठ्यपुस्तक खरं असेल तर भारतापुढे मार्गच नव्हता. म्हणून 1956 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची परिषद यांनी मद्रासमध्ये क्षय-रसायनोपचार केंद्र उघडलं. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने पाठ्यपुस्तकालाच चिठ्ठ्यांसमोर उभं केलं. शहरातल्या गरीब वस्त्यांतले 193 रुग्ण, दोन गट, दोन्ही गटांना तीच औषधं, आयसोनायझिड आणि पास, एक वर्ष. निम्म्यांना चिठ्ठीने सॅनेटोरियमची खाट मिळाली, निम्म्यांना आपल्याच खोलीतली चटई. घरचा गट दाटीवाटीत राहिला, त्यातले काही कामावरही जात राहिले, आणि त्यांचं जेवण सॅनेटोरियमच्या मानाने अगदी हलकं होतं. केंद्राची माणसं न सांगता दारात येत, शिल्लक पुड्या मोजत, आणि औषध खरंच घेतलं का हे पाहायला लघवीची तपासणी करत. वर्षाअखेर सॅनेटोरियममधल्या 92 टक्के आणि घरच्या 86 टक्के रुग्णांचा रोग शमलेला होता. घरातल्या बाकी माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरच्या गटात जास्त निघालं नाही.

92 आणि 86 मध्ये फरक आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण खाटांचा खर्च आणि खाटांची संख्या समोर ठेवली तर तो फरक देश पेलू शकत होता, आणि खाटा नसल्यामुळे उपचारच न मिळणं देशाला पेलणारं नव्हतं. या निकालाने सॅनेटोरियमचं युग जगभर मावळत गेलं. ज्या देशाला ते परवडत नव्हतं त्याच देशातल्या गरीब वस्तीने ते अनावश्यक असल्याचं दाखवलं. मद्रासचं काम इथे थांबलं नाही. 1964 मध्ये छापलेल्या चाचणीत आठवड्यातून फक्त दोनदा, दवाखान्यात समोर बसवून, स्ट्रेप्टोमायसिनची सुई आणि आयसोनायझिडच्या गोळ्या दिल्या, आणि हा उपचार रोज घरी गोळ्या घेण्याइतका, किंबहुना थोडा सरस ठरला. डोळ्यांसमोर औषध देण्याची जी पद्धत नंतर ‘डॉट्स’ नावाने जगाने उचलली, तिचं बीज या चाचणीत आहे. 1962 मध्ये राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यातून उपचार ही कल्पना आणि देशात बनणारी कुपी या दोन्ही गोष्टी हाताशी होत्या. एक मद्रासहून आली, दुसरी पिंपरीतून. दोन्हींपैकी एक जरी नसती तर दुसरी कागदावर राहिली असती. म्हणूनच एचएचं कौतुक करताना मद्रासचं नाव गाळणं मला अर्धवट वाटतं.

महाराष्ट्रात दुसरा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. चाचणी सरासरी सांगते, आणि वैद्य तर प्रकृती पाहून औषध देतो. वात-पित्त-कफाचा विचार करणाऱ्या शास्त्राला ‘55 पैकी 4’ हा हिशेब लागू कसा करायचा? यात तथ्य एवढंच की सरासरीत एकेकट्याचं दुखणं विरघळून जातं. पण त्यावरचा उपाय चिठ्ठी टाळणं हा नाही. वैद्याला प्रकृती पाहून हवं ते औषध देऊ द्यावं आणि त्या संपूर्ण पद्धतीची तुलना दुसऱ्या पद्धतीशी चिठ्ठी टाकून करावी. आयुर्वेदिक औषधांची चिठ्ठीने तुलना होऊ शकते. पुण्यातच डॉ. अरविंद चोप्रा यांच्या संधिवात केंद्राने गुडघेदुखीवरच्या आयुर्वेदिक औषधांची ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिबशी तुलना करणारी, 440 रुग्णांची चाचणी घेतली. ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुर्वेदिक औषधं दुखणं कमी करण्यात बरोबरीची ठरली, आणि काहींच्या यकृताच्या तपासणीत बिघाड दिसला तोही याच चाचणीत. आयुर्वेदाच्या चाहत्यांना पहिली गोष्ट आवडते, विरोधकांना दुसरी. चिठ्ठीने दोन्ही एकत्र सांगितली.

चिठ्ठीशिवाय काहीच कळत नाही असाही याचा अर्थ नाही. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचं नातं 1950 मध्ये दाखवून देणाऱ्यांत स्वतः ब्रॅडफर्ड हिल होते, आणि तिथे कुणाला चिठ्ठी टाकून सिगारेट ओढायला लावलं नव्हतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरपोच नवजात-सेवा देऊन 47 गावांशी तुलना केली, तीही चिठ्ठीशिवाय. तिथे मृत्यूतली घट इतकी मोठी होती की शंकेला जागा थोडी उरली. परिणाम प्रचंड असेल, पेनिसिलिनसारखा, तर डोळे पुरतात. वांधा होतो तो मधल्या, बेताच्या परिणामांचा, आणि बहुतेक औषधं त्याच वर्गातली असतात. शिवाय सर्वांना लागू पडते असं ज्या गोष्टीबद्दल ठाम वाटतं, तिथेही डोळे फसतात. 1968 पासून तमिळनाडूच्या चेंगलपट्टू भागात सुमारे 2 लाख 60 हजार लोकांवर झालेल्या बीसीजीच्या चाचणीत प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळालं नाही. दंडावरच्या व्रणावर विश्वास ठेवून मोठ्या झालेल्या पिढीला ही बातमी कडू होती. तरी क्षय रोखायला बीसीजीवर विसंबता येणार नाही हे देशाला त्यामुळेच कळलं.

पिंपरीहून पूर्वेला भोसरीच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेडांच्या गर्दीत, 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. लोकांच्या तोंडी ‘नारी’. 2005 च्या फेब्रुवारीत इथे देशातल्या पहिल्या एड्सविरोधी लसीची चाचणी सुरू झाली. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले, पण लसीने हवी तशी प्रतिकारशक्ती जागवली नाही आणि ती मागे पडली. मथळ्यांशिवाय चाललेली दुसरी चाचणी मात्र इतिहासात गेली. एचपीटीएन 052 हे तिचं कोरडं नाव. नऊ देशांत 13 ठिकाणी ती झाली. भारतात पुण्याची नारी आणि चेन्नई. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही, अशी 1,763 जोडपी घेतली. लागण झालेल्याची प्रतिकारशक्ती अजून बरी होती, म्हणजे सीडी-4 पेशी 350 ते 550 च्या दरम्यान. त्या वेळच्या नियमाने अशांना औषध द्यायची घाई नव्हती, कारण औषधांचे दुष्परिणाम होते, खर्च होता, आणि लवकर सुरू करण्याचा फायदा आहे का यावर तज्ज्ञांत खरोखरच मतभेद होते. चिठ्ठीने 886 जणांना लगेच औषध दिलं. 877 जणांचं औषध पेशी 250 पर्यंत उतरल्यावर किंवा एड्सचं दुखणं उद्‌भवल्यावर सुरू करायचं ठरलं. निरोध, समुपदेशन आणि नियमित तपासणी दोन्हीकडे सारखी.

2011 मध्ये देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने मधला हिशेब पाहिला. जोडीदाराकडूनच लागण झाली असं जंतूच्या जनुकांवरून सिद्ध झालेली 28 उदाहरणं होती. त्यातली 27 थांबलेल्या गटात, एक लगेच औषध मिळालेल्या गटात. म्हणजे 96 टक्के घट. औषध रुग्णाला वाचवतं हे माहीत होतं. ते शेजारी झोपणाऱ्यालाही वाचवतं हे आता सिद्ध झालं. दुसरी नोंद वाचताना 1948 आठवल्याशिवाय राहत नाही. फुफ्फुसाबाहेरचा क्षय लवकर औषध घेणाऱ्यांत 3 जणांना झाला, थांबलेल्यांत 17 जणांना. पिंपरीच्या कुपीने ज्या जंतूशी झुंज दिली, तोच भोसरीच्या चाचणीत मागच्या दाराने आला होता.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. गरीब देशातल्या शरीरांवर हे प्रयोग का? भोसरी, चेन्नई, मलावी, झिम्बाब्वे ही नावं एका ओळीत वाचली की शंका यायलाच हवी. आणि महाराष्ट्रातच असं उदाहरण आहे जिथे ती शंका दूर सारता येत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मृती केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावांचे 52 गट चिठ्ठीने वाटून 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. 2009 मध्ये निकाल आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले, त्या गटात 34 आणि तपासणी न झालेल्या गटात 64. हा निकाल मोलाचा आहे. पण तपासणी न झालेल्या गटातल्या बायकांना मिळालं ते ‘नेहमीचं’, आणि आपल्या खेड्यातलं नेहमीचं म्हणजे काहीच नाही. मुंबईतल्या अशाच अभ्यासात संमती घेताना बायकांना पुरेसं सांगितलं गेलं नाही अशी टीका पुढे झाली. ‘सरकारही काही देत नव्हतंच’ हा बचाव मला अपुरा वाटतो. सरकारने न देणं हे वास्तव आहे, पण त्या वास्तवाला तुलनेचा गट बनवण्याआधी संशोधकाला दोनदा विचार करायला हवा होता. विशेषतः तपासणीचा काही ना काही फायदा होतो हे पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं दिसत असताना.

यावरून चिठ्ठीच वाईट असा निष्कर्ष मी काढणार नाही. चिठ्ठी कशाची कशाशी टाकली, हा प्रश्न आहे. मद्रासमध्ये दोन्ही गटांना उत्तम औषधं होती, फरक फक्त खाटेचा. भोसरीत दोन्ही गटांना चाचणी सुरू झाली त्या वेळच्या नियमाएवढे तरी उपचार मिळत होते, फरक वेळेचा. दोन्ही ठिकाणी निकाल गरिबांच्या बाजूने फिरला, आणि जिथे प्रश्न गरिबांचाच होता तिथे उत्तर शोधायलाही त्यांच्यातच जावं लागतं. लंडनमधल्या रुग्णालयात मद्रासच्या चाळीचा निकाल लागला नसता. उलट, इथे चाचण्याच नकोत असं म्हटलं तर आपण परदेशातल्या धट्ट्याकट्ट्या शरीरांवर ठरलेले डोस आपल्या खंगलेल्या रुग्णांना देत राहू, आणि तोही एक प्रयोगच असतो, फक्त नोंद न ठेवलेला. नियम आले ते ओरड झाली म्हणून. 2007 मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, 2009 पासून नोंद सक्तीची झाली, 2013 मध्ये नुकसानभरपाई आणि संमतीचं चित्रीकरण आलं, 2019 मध्ये सगळे नियम एकत्र झाले. नोंदवहीमुळे नकोसा निकाल गुपचूप पुरून टाकणं अवघड झालं, ही त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट.

निकाल लागला म्हणजे औषध पोचलं असंही नाही. 052 चा निकाल 2011 चा. प्रतिकारशक्तीचा आकडा न पाहता प्रत्येक एचआयव्हीबाधिताला उपचार देण्याचं धोरण भारताने 2017 मध्ये स्वीकारलं. मधली सहा वर्षं पैशाची, साठ्याची आणि सरकारी कागदांची होती. पिंपरीचा कारखाना तर 1990 च्या दशकातच आजारी उद्योग म्हणून नोंदला गेला होता. स्वस्त आयात, जुनी यंत्रं, थकलेले पगार. तिथलं स्ट्रेप्टोमायसिनही क्षयाच्या नेहमीच्या उपचारातून हळूहळू मागे पडलं, आणि त्याची जागा ज्या गोळ्यांनी घेतली त्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या चाचण्यांतून आल्या होत्या.

1947 च्या सी गटातल्या 52 जणांना आपल्या नावाचं पाकीट कधी फोडलं गेलं हे कळलंच नाही. भोसरीच्या खोल्यांत बसलेल्या जोडप्यांना आधी समजावून सांगितलं होतं, सह्या किंवा अंगठे घेतले होते, आणि कोणत्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक होतं. मे 2011 मध्ये मंडळाचा निर्णय आल्यावर थांबलेल्या गटातल्या सर्वांना निकाल सांगण्यात आला आणि पेशींचा आकडा कितीही असो, गोळ्या देऊ करण्यात आल्या.